उतरण्याचा आलेख जमिनीकडून काढायला घे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरावीतल्या एका मुलीने चांद्रयान-३ वर प्रकल्प घेतलाय. विक्रम लँडर ३० किलोमीटर उंचीवरून साधारण १९ मिनिटांत चंद्रावर उतरला, हे तिने वाचलं. उंची आणि वेळ घेऊन स्थान-काल आलेख काढला, दोन टोकं सरळ रेषेने जोडली, रेषेचा उतार मोजला. वेग आला सेकंदाला २६ मीटर. सर म्हणाले, ‘या वेगाने यान फुटेल.’ मग तिने रेषेला हातानेच गोलाई दिली. आता ती विचारते, की बरोबर गोलाई कोणती आणि तिच्यावरून वेग कसा ठरवायचा?

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि हाच अभ्यास दर वर्षी वर्गात करून घेतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. तुलाच उद्देशून लिहितो.

सरांचं बरोबर आहे. २६ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ९५ किलोमीटर. विक्रमचे पाय ३ मीटर प्रति सेकंदापर्यंतचा उभा आपट सोसतील असे बनवलेले होते. पण सरळ रेषेची गडबड फक्त खालच्या टोकाला नाही. वरच्या टोकालाही आहे. ३० किलोमीटरवर असताना यान कक्षेतून जवळजवळ आडवं चाललेलं होतं, खाली येण्याचा वेग शून्याच्या आसपास. तुझी रेषा म्हणते की पहिल्याच क्षणी तो २६ झाला. आलेखाला कोपरा आला की वेग एका क्षणात बदलला, आणि त्याला अमर्याद बल लागतं. तुझ्या रेषेला दोन कोपरे आहेत, एक आकाशात आणि एक जमिनीवर.

तेव्हा खरा प्रश्न गोलाई कोणती हा नाही. स्थान-काल आलेखावर एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. रेषा योग्य वेळी योग्य उंचीवर हवी, ही पहिली. तिथे तिचा उतार योग्य हवा, कारण उतार म्हणजे वेग. आणि उतार किती झपाट्याने बदलतोय, म्हणजे रेषेचा बाक, तो इंजिनाला आणि गुरुत्वाला झेपणारा हवा, कारण बाक म्हणजे त्वरण. पहिली गोष्ट सगळेच करतात, दुसरी तू आता करायला लागलीस. बहुतेकांचे आलेख तिसऱ्या गोष्टीवर नापास होतात, आणि दिसायला अगदी गुळगुळीत असूनही होतात.

एकच बरोबर आलेख मात्र नसतो, हे आधी मान्य करू. इंजिनाचा जोर किती, तो किती कमी करता येतो, इंधन किती शिल्लक, उंची कशाने मोजताय, खालची जमीन माहीत आहे की नाही, यावर सगळं ठरतं. मंगळावर हवा आहे, तिथे पॅराशूट चालतं आणि आलेखाचा आकारच बदलतो. मी इथे फक्त चंद्राबद्दल आणि चांद्रयान-३ च्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवर बोलतो.

सगळ्यात आधी एका आलेखाचे दोन कर. विक्रम वरून सरळ खाली पडत नव्हता. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी उतरायला सुरुवात झाली तेव्हा तो सेकंदाला सुमारे १६८० मीटर वेगाने आडवा धावत होता. पहिला टप्पा ६९० सेकंदांचा. त्यात आडवा वेग १६८० वरून ३५८ मीटर प्रति सेकंदावर आला आणि उंची ३० किलोमीटरवरून ७.४ किलोमीटरवर. आडव्या वेगाची सरासरी घे, १०१९. गुणिले ६९०. म्हणजे या टप्प्यात यान जमिनीला समांतर ७०० किलोमीटर सरकलं आणि खाली आलं फक्त साडेबावीस. तुझ्या आलेखात हे ७०० किलोमीटर कुठेच नाहीत, आणि बहुतेक इंधन तर त्यांनीच खाल्लं.

आता बाक तपासू. आडव्या वेगात १३२२ ची घट, ६९० सेकंदांत. त्वरण निघतं सुमारे १.९२ मीटर प्रति सेकंद वर्ग (पुढे त्वरणाचे सगळे आकडे याच एककात). विक्रमची ८०० न्यूटनची चार इंजिनं, एकूण ३२०० न्यूटन. वजन सुरुवातीला सुमारे १७५० किलो. भागाकार कर, १.८३ येतो. इंधन जळत जातं तसं वजन घटतं, म्हणून तेच इंजिन पुढे जास्त त्वरण देतं, आणि सरासरी १.९२ जमून जाते. पण यानाला सावरून धरायला जोराचा काही भाग वरच्या दिशेनेही द्यावा लागतो. म्हणजे या टप्प्यात हात राखून काही नव्हतं. ‘थोडं आणखी जोरात ब्रेक लावू’ असं वहीत लिहिता येतं, तिथे जोर उरलेलाच नसतो.

एक गंमत इथे दिसते, ती प्रकल्पात जरूर घाल. चंद्राचं गुरुत्व त्वरण १.६२ आणि इंजिनाचं सुरुवातीचं १.८३. मग इंजिन आडवं करून सगळा जोर आडवा वेग मारायला वापरला तर यान खाली कोसळत का नाही? कारण १६८० च्या वेगाने चंद्राभोवती वळत जायलाच सुमारे १.६ त्वरण लागतं. गुरुत्व जवळजवळ सगळं त्यातच खर्च होतं, उभ्या आलेखाला वाकवायला काही उरत नाही. वेग कमी होत जातो तसं हे वळण सैल होतं. ३५८ वर आल्यावर त्यासाठी जेमतेम ०.०७ लागतं, बाकीचं सगळं गुरुत्व उंचीच्या आलेखावर येऊन बसतं. म्हणून यान हळूहळू उभं व्हावं लागतं. आडवा आणि उभा आलेख वेगळे काढायचे खरे, पण उभ्याचा बाक आडव्याच्या उतारावर अवलंबून असतो.

उभा आलेख आता सोपा जातो. २२.६ किलोमीटर, ६९० सेकंद, सरासरी सुमारे ३३ मीटर प्रति सेकंद. टप्प्याच्या शेवटी खाली येण्याचा वेग मात्र ६० च्या घरात होता, सरासरीच्या दुप्पट. शून्यापासून एकसारख्या वाढलेल्या वेगाचं हेच लक्षण. म्हणजे आलेख पॅराबोलाच्या जवळचा, वरून सपाट सुटलेला आणि खाली येताना तीव्र होत गेलेला. नेमका पॅराबोला असता तर घसरण २०.७ किलोमीटर झाली असती. खरी थोडी जास्त आहे, तेव्हा मधल्या काळात रेषा पॅराबोलापेक्षा जरा अधिक तीव्र उतरली. हे मी कुठल्या गुप्त कागदावरून सांगत नाही, चार छापील आकड्यांवरून निघतं.

यानंतर सुमारे १० सेकंदांचा एक टप्पा, यानाने आपली दिशा स्थिर ठेवून उंची पुन्हा मोजण्याचा. मग १७५ सेकंदांचा बारीक ब्रेकिंगचा, ६.८ किलोमीटरवरून सुमारे ८०० मीटरवर येऊन जवळजवळ थांबण्याचा. तो तू वरच्याच पद्धतीने स्वतः तपास.

८०० मीटरच्या खाली मी मुलांना थांबवतो, कारण बाक म्हणजे काय ते इथे हाताला लागतं.

समज, ८०० मीटरवर यान स्थिर आहे आणि १५० मीटरवर पुन्हा स्थिर व्हायचंय. मध्ये ६५० मीटर. दोन्ही टोकांना उतार शून्य, म्हणजे आलेख एस अक्षरासारखा. असा सगळ्यात साधा आलेख तिसऱ्या घाताच्या बहुपदीने मिळतो. त्याचे दोन गुणधर्म पाठ कर. सर्वाधिक वेग मध्यावर असतो आणि तो सरासरीच्या दीडपट. सर्वाधिक त्वरण दोन टोकांना असतं, ६ गुणिले अंतर भागिले वेळेचा वर्ग. अकरावीच्या अवकलनाने दोन्ही सिद्ध करता येतात, करून बघ.

वेळ १३० सेकंद घेतली तर सर्वाधिक वेग ७.५ मीटर प्रति सेकंद आणि टोकांचं त्वरण ०.२३. इंजिनाला गुरुत्वही पेलायचं असतं. सुटताना त्याने १.३९ द्यायचं, थांबताना १.८५. आरामात जमतं.

वेळ ६० सेकंद. वेग सव्वासोळा, त्वरण १.०८. इंजिन सुटताना ०.५४, थांबताना २.७०. म्हणजे मिनिटाभरात जोर पाचपट बदलायचा. इंजिन तेवढं खाली येतं का आणि तेवढं वर जातं का, हे विचारल्याशिवाय हा आलेख मंजूर करता येत नाही.

वेळ ४० सेकंद. त्वरण २.४४. आलेख कागदावर पहिल्या दोघांइतकाच देखणा. पण सुटताना यान २.४४ ने खाली जायला हवं आणि चंद्र ओढतो फक्त १.६२ ने. इंजिन पूर्ण बंद केलं तरी यान तेवढ्या झपाट्याने खाली जाणार नाही. खाली ढकलणारं इंजिन लँडरला नसतं. सीमा कुठे ते काढ: ३९०० भागिले १.६२, त्याचं वर्गमूळ, ४९ सेकंद. त्याहून कमी वेळाचा असा एस-आलेख चंद्रावर अशक्य आहे, इंजिन जगातलं कितीही भारी आणा.

म्हणजे बाकाला दोन बाजूंनी कुंपण आहे. रेषा खाली झुकताना गुरुत्वाची मर्यादा, सपाटीला येताना इंजिनाची. हाताने गोलाई देताना तू यातलं एकही तपासलेलं नाहीस, म्हणून ‘ही बरोबर का’ याचं उत्तर नुसत्या चित्रावरून कुणीच देऊ शकणार नाही.

मग सावकाशच का उतरू नये? मुलं हे हमखास विचारतात. ८०० वर थांबलेलं यान १५० वर पुन्हा थांबतं तेव्हा इंजिनाने दिलेला एकूण वेगबदल बरोबर गुरुत्व गुणिले वेळ इतका असतो, मधला आकार कसाही असो. १३० सेकंदांना २११ मीटर प्रति सेकंद, ६० सेकंदांना ९७. चंद्रावर अधांतरी काढलेल्या दर सेकंदाचं भाडं १.६२. विक्रमने १५० मीटरवर थांबून खालची जमीन खड्डे-दगडांसाठी तपासली, तिथेही हे भाडं चालूच होतं. संथपणा सुरक्षित वाटतो, पण इंधन हवेतच संपलं तर तोच घातक.

आता शेवटचे १५० मीटर. इथे वरून सुरुवात करू नकोस. लोकलचा मोटरमन फलाटावरच्या थांबण्याच्या खुणेवरून मागे हिशेब करून ब्रेक कुठे लावायचा ते ठरवतो, तसं जमिनीवरून मागे ये. खालचे आकडे माझे, वहीपुरते, इस्रोचे नव्हेत.

टेकताना वेग २ मीटर प्रति सेकंद हवा. उंची मोजण्यातली चूक पोटात घालायला शेवटचे २० मीटर याच वेगाने, सरळ रेषेत. १० सेकंद. जमीन अंदाजापेक्षा ४ मीटर वर निघाली तरी टेकण्याचा वेग तोच राहतो. दोन सेकंद आधी टेकेल, बस. म्हणून तळाशी वक्र नको, सरळ तुकडा हवा. त्याच्या वर, वेग ६ वरून २ वर आणायचा, ०.२ च्या सौम्य त्वरणाने. लागतात २० सेकंद आणि ८० मीटर, म्हणजे हा तुकडा १०० मीटर उंचीवर सुरू होतो. त्याच्याही वर, १५० वर स्थिर असलेलं यान १०० वर ६ च्या वेगाला पोचायला हवं. त्वरण निघतं ०.३६, वेळ १६.७ सेकंद. ०.३६ हे १.६२ च्या आत आहे, चालेल. एकूण साधारण ४७ सेकंद, इंधनाच्या हिशेबात सुमारे ७४ मीटर प्रति सेकंद. तेच १५० मीटर पहिल्यापासून १ मीटर प्रति सेकंदाने उतरली असतीस तर २४२ लागले असते.

खालून वर आल्यामुळे काय झालं बघ. सुरक्षिततेची अट आधी पुरी झाली आणि जी काही तडजोड करायची ती वरच्या भागात गेली, जिथे चुकायला जागा आहे. वरून खाली काढलेल्या आलेखात उरलीसुरली चूक नेमकी जमिनीपाशी साचते.

इथवर योजना झाली. यान योजनेप्रमाणे वागतं का? ७ सप्टेंबर २०१९ ची पहाट आठवत असेल तर उत्तर माहीत आहे. चांद्रयान-२ च्या विक्रमचं पहिल्या टप्प्यापर्यंत ठीक चाललं होतं. नंतरच्या टप्प्यात वेगातली घट ठरवल्यापेक्षा जास्त झाली. जास्त, कमी नव्हे. बातम्या वाचून सगळ्यांना वाटतं की यान फार वेगात होतं म्हणून आपटलं, पण सुरुवात उलटी होती. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर दिला, चुका साचत गेल्या, आणि छायाचित्रं घेण्यासाठी यान स्थिर ठेवायचं असल्याने त्या लगेच दुरुस्त करता आल्या नाहीत. उतरायची जागा ५०० बाय ५०० मीटरची. ती अजून लांब, म्हणून तिथे पोचायला वेग वाढवायचा, आणि जमीन जवळ येतेय म्हणून कमीही करायचा. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये हे सविस्तर सांगितलं. यानाला फार झपाट्याने वळावं लागलं आणि सॉफ्टवेअरने वळण्याच्या गतीला घातलेली मर्यादा आड आली. आपल्या भाषेत, उरलेल्या वेळात जो आलेख हवा होता त्याचा बाक कुंपणाबाहेर गेला.

पुढच्या खेपेला उपाय झाले ते म्हणजे कुंपणंच रुंद केली. उतरायची जागा ४ बाय २.४ किलोमीटर, पाय जास्त आपट सोसणारे, इंधन जास्त. आणि वेग थेट मोजणारं लेसरचं उपकरण. हे शेवटचं का, ते तुझ्या ‘आलेखावरून वेग कसा काढायचा’ या प्रश्नाशी जोडलेलं आहे. समज, उंचीच्या मोजणीत एक मीटर इकडेतिकडे होतं आणि तू सेकंदाच्या दहाव्या भागाच्या अंतराने दोन ठिपके घेऊन उतार काढलास. चूक वीस मीटर प्रति सेकंदापर्यंत जाऊ शकते, आणि तुला मोजायचाय २ चा वेग. कागदावरच्या स्वच्छ रेषेचा उतार काढणं सोपं असतं, थरथरणाऱ्या रेषेचा नाही. म्हणून यान वेग वेगळा मोजतं, त्वरण वेगळं मोजतं, आणि सगळ्यांचा मेळ घालतं. शिवाय ते आधी काढलेल्या रेषेला चिकटून बसत नाही. आत्ता मी इथे आहे, वेग एवढा आहे, तिथे तेवढ्या वेगाने पोचायचंय, अशी नवी रेषा पुन्हा पुन्हा आखत राहतं. अपोलोच्या संगणकातही हेच तत्त्व होतं, फक्त बहुपदी चौथ्या घाताची.

उंचीचा अक्षच चुकला तर हे सगळं फुकट जातं. एप्रिल २०२३ मध्ये जपानच्या आयस्पेस कंपनीचा हाकुतो-आर लँडर एका विवराच्या कडेवरून आत गेला. जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटर खाली गेली. रडारने ते बरोबर मोजलं, पण सॉफ्टवेअरला ती उडी अशक्य वाटली आणि त्याने रडारचा आकडा बाजूला टाकला. यानाने आपल्या हिशेबाने सुंदर आलेख पुरा केला, उंची शून्य, वेग जवळजवळ शून्य. प्रत्यक्षात ते सुमारे ५ किलोमीटर उंच होतं. इंधन संपेपर्यंत तिथेच सावकाश उतरत राहिलं, मग पडलं. ५ किलोमीटरवरून चंद्रावर पडलं तर किती वेगाने आपटेल, ते तू काढ. शंभराच्या वर येईल.

प्रकल्पासाठी आता एवढं कर. एक्सेलमध्ये पाच स्तंभ: वेळ, उंची, वेग, त्वरण, आणि इंजिनाला द्यावं लागणारं त्वरण. वेगासाठी पुढच्या आणि मागच्या ठिपक्याच्या उंचीतला फरक भागिले त्यांच्यातली वेळ. वेगावरून त्वरण तसंच. खाली जाणारा वेग ऋण धर, म्हणजे पाचवा स्तंभ नुसती बेरीज होते: चौथा अधिक १.६२. हा स्तंभ ८०० मीटरच्या खालीच वापर. वर आडव्या वेगाचा हिशेब मिसळतो. पाचव्या स्तंभात कुठेही ऋण आकडा आला तर रेषा गुरुत्वापेक्षा वेगाने झुकतेय. इंजिनाच्या मर्यादेपेक्षा मोठा आला तर ती फार उशिरा सपाट होतेय. दोन्ही वेळेला त्या तुकड्याला जास्त सेकंद दे आणि इंधनाचा हिशेब पुन्हा बघ.

कागदावर काढणार असशील तर एका आलेखात सगळं बसवू नकोस. ३० सेंटिमीटरच्या आलेख कागदावर सेंटिमीटरला एक किलोमीटर घेतलास तर शेवटचे १५० मीटर दीड मिलिमीटरात येतात, पेन्सिलच्या दोन रेघा. तीन कागद घे: ३० किलोमीटर ते ७.४, तिथून ८०० मीटर, आणि ८०० पासून जमीन. जिथे एक संपून दुसरा सुरू होतो तिथे उंचीबरोबर उतारही जुळतोय ना ते तपास, पण प्रमाणं वेगळी असल्याने नुसत्या डोळ्यांनी नको, आकडे काढून. पहिल्या कागदावर मिनिटाला एक ठिपका पुरे. तिसऱ्यावर सेकंदाला एक हवा.